वीस हजारांत बसवायचा हायब्रीड

अकराशे किलोची गाडी ताशी पन्नास किलोमीटरने चालली असेल, तर तिच्या वेगात सुमारे तीस वॅट-तास ऊर्जा साठलेली असते. नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्यावर तीन तास चालतो. पुढे सिग्नल लाल होतो, तुम्ही ब्रेक दाबता आणि ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्क तापवून हवेत निघून जाते. सिग्नल हिरवा झाला की तेवढीच ऊर्जा पेट्रोल जाळून पुन्हा तयार करायची. नाशिक फाट्यावरून चाकणला रोज जाणाऱ्या माणसाला हा उद्योग किती वेळा करावा लागतो, हे मी सांगायला नको.

मी पुण्याजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कॅलिब्रेशन इंजिनिअर आहे. इंजिन कधी बंद करायचं, कधी चालू करायचं, मोटरने किती जोर लावायचा, हे गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, आकड्यांत शिकवणं हे माझं काम. ब्रेकमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेतली जमेल तेवढी पकडायची, आणि ती स्वस्तात पकडायची, एवढंच माइल्ड हायब्रीडचं उद्दिष्ट असतं. पकडायच्या युक्त्या जगाला बऱ्याच वर्षांपासून माहीत आहेत. आमची झोप उडते ती ‘स्वस्तात’ या अटीमुळे.

एक यंत्र, तीन कामं

साध्या गाडीत दोन वेगळी यंत्रं असतात. किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू करून देणारा स्टार्टर, आणि इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर, ज्याला गॅरेजमध्ये अजूनही डायनॅमो म्हणतात. माइल्ड हायब्रीडमध्ये अल्टरनेटरच्या जागी एक जास्त दमदार यंत्र बसतं. त्याला आयएसजी म्हणतात. ते वीज तयार करतं, सिग्नलला बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करतं आणि गाडी वेग घेत असताना इंजिनाला थोडा हातभारही लावतं.

तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ईसीयू इंजिनाचं पेट्रोल तोडतो. चाकं अजून फिरत असतात, ती इंजिनाला फिरवतात, इंजिन पट्ट्याने आयएसजीला फिरवतं आणि बॅटरी भरू लागते. पुढे गाडी निघाली की तीच वीज उलट्या दिशेने येते. मारुतीच्या गाड्यांत असते त्या बारा व्होल्टच्या पद्धतीत हे यंत्र दीड ते अडीच किलोवॅटचं असतं. नुसत्या विजेवर गाडी हलवण्याची त्याची ताकद नाही. टोयोटा हायक्रॉस किंवा होंडा सिटी ई-एचईव्हीसारख्या स्ट्राँग हायब्रीड गाड्या काही अंतर फक्त विजेवर जातात. माइल्ड हायब्रीडमध्ये चाकं फिरवण्याचं मुख्य काम शेवटपर्यंत इंजिनाकडेच राहतं.

म्हणून फायद्यातही फरक पडतो. मारुतीच्या ग्रँड विटारामध्ये दोन्ही प्रकार मिळतात. कंपनीने जाहीर केलेलं प्रमाणित मायलेज माइल्ड हायब्रीड मॅन्युअलचं लिटरला २१.११ किलोमीटर आहे, आणि स्ट्राँग हायब्रीडचं २७.९७. हे आकडे ऐकून माझ्या सांगलीच्या मामेभावाने लगेच विचारलं होतं, “ताई, मग तू हे अर्धवट का बनवतेस?” प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी पैशांकडे पाहावं लागतं.

आधी बजेट, मग यंत्र

मारुती ब्रेझाच्या बाबतीत एक अनायासे झालेला प्रयोग आपल्या हाताशी आहे. २०२३मध्ये कंपनीने या गाडीच्या मॅन्युअल मॉडेलमधून माइल्ड हायब्रीडची यंत्रणा काढली. इंजिन तेच राहिलं, प्रमाणित मायलेज मात्र लिटरला २०.१५ किलोमीटरवरून १७.३८वर आलं. म्हणजे शंभर किलोमीटरमागे सुमारे ०.७९ लिटर पेट्रोल जास्त. वर्षाला दहा हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्याचा, पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलं, तर कागदावर वर्षाला जवळपास ७,९०० रुपयांचा फरक पडतो.

पण हा प्रयोगशाळेतला आकडा आहे. आपल्याकडची मायलेजची चाचणी ठरलेल्या चक्राप्रमाणे होते. त्या चक्राच्या शहरी भागात गाडी जवळजवळ तीस टक्के वेळ उभीच असते आणि सगळी चाचणी एसी बंद ठेवून होते. उभ्या गाडीचं इंजिन बंद करणाऱ्या यंत्रणेला याहून सोयीची परीक्षा कोण देणार? म्हणून आमच्या कॉस्टिंग विभागातले एक काका कागदावरच्या फायद्याला सरळ दोनाने भागतात. वर्षाला चार हजार. पाच वर्षांचे वीस हजार. गिऱ्हाईक पाच वर्षांत पैसे वसूल व्हावेत अशी अपेक्षा धरतं, तेव्हा शोरूममध्ये या यंत्रणेची किंमत वीस हजारांच्या आत बसली पाहिजे. त्यातून कर, डीलरचा वाटा, कंपनीचा नफा वजा करा. कारखान्याच्या दारात जे उरतं, त्यात आयएसजी, बॅटरी, पट्टा, ताण देणारा टेन्शनर, वायरिंग आणि सॉफ्टवेअर, सगळं आलं. काकांचं एक वाक्य मीटिंगमध्ये दर वेळी येतं, “मॅडम, तुमचा ग्राफ छान आहे, पण याचे रुपये किती?”

स्ट्राँग हायब्रीडच्या हिशेबात दोन मोटरी, शेकडो व्होल्टची बॅटरी, तिची सुरक्षा आणि थंड ठेवण्याची व्यवस्था येते. तो खर्च वीस हजारांत कधीच बसत नाही. लाखाच्या वरचाच तो खेळ.

कंपनीच्या वहीत आणखी एक रकाना असतो. सरकारच्या कॅफे निकषांनुसार कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांचा मिळून सरासरी कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. २०२२-२३पासून ही मर्यादा साधारण ११३ ग्रॅम प्रति किलोमीटर आहे. गाड्यांच्या सरासरी वजनानुसार ती प्रत्येक कंपनीला थोडी कमी-जास्त होते. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ब्रेझाचे ते ०.७९ लिटर म्हणजे किलोमीटरमागे जवळपास १८ ग्रॅम. लाखोंनी खपणाऱ्या गाडीत एवढी बचत झाली, की कंपनीला तिच्या जड गाड्यांसाठी जागा मिळते. म्हणून कधी कधी गिऱ्हाईक जेवढे पैसे देणार नाही, तेवढे कंपनी स्वतःच्या खिशातून देते. एकाच यंत्रणेची किंमत दोन वह्यांत वेगळी निघते, हे ध्यानात घेतलं की कंपन्या ती एका गाडीत का घालतात आणि दुसरीतून का काढतात, हे कोडं बरंचसं सुटतं.

पट्टा आणि पाच सेल

बजेट ठरलं की प्रत्येक भाग त्याला जाब देऊ लागतो. आयएसजी इंजिनाला पट्ट्यानेच का जोडतात? कारण इंजिनाच्या रचनेला हात लावावा लागत नाही, अल्टरनेटरची जागा आयती मिळते. हीच मोटर क्लच आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसवली, तर ब्रेक लागताना इंजिनाला चाकांपासून सोडवता येतं आणि जास्त ऊर्जा हाती लागते. पट्ट्याच्या रचनेत इंजिन सतत सोबत फिरतं, आणि त्याच्या घर्षणात बरीच कमाई जाते. पण गिअरबॉक्सची नवी घडण करायची म्हणजे कोट्यवधींचे साचे आणि वर्षांचं काम. वीस हजारांच्या चौकटीत पट्टाच जिंकतो.

या पट्ट्याचं दुखणं मात्र मोठं. साध्या अल्टरनेटरचा पट्टा एकाच दिशेने ओढला जातो. त्याची एक बाजू कायम ताणलेली, दुसरी कायम सैल, म्हणून सैल बाजूला एक टेन्शनर लावला की काम भागतं. आयएसजी वीज बनवताना एक बाजू ताणली जाते आणि इंजिनाला मदत करताना दुसरी. एका क्षणात बाजू बदलतात. मग दोन्हीकडून दाबणारा टेन्शनर लागतो, आणि तो महाग. जोर कमी पडला की पट्टा घसरतो आणि शिट्टी वाजते. पावसाळ्यात चाकणच्या खड्ड्यांतलं पाणी पुलीवर उडालं, की ही शिट्टी आम्ही नेमकी मोजायला बसतो. गिऱ्हाइकाला मायलेजमधला पाच टक्क्यांचा फरक कळत नाही, शिट्टी मात्र पहिल्याच दिवशी कळते.

दुसरा प्रश्न बॅटरीचा. साधी शिशाची बॅटरी गाडी सुरू करायला उत्तम. पण सेकंदात भर आणि सेकंदात रिकामी हो, असं दिवसातून शेकडो वेळा केलं, की ती लवकर म्हातारी होते. शिवाय ती वेगाने भरून घेत नाही. ब्रेक दहा सेकंदच लागलेला असतो आणि ती तेवढ्यात घोट-दोन घोटच घेते. २०१५च्या सप्टेंबरमध्ये सियाझमधून माइल्ड हायब्रीड आपल्याकडे आलं तेव्हा तिच्यात शिशाचीच, पण खास बनावटीची मोठी बॅटरी होती. २०१८च्या सियाझमध्ये सोबत लिथियम-आयनची छोटी बॅटरी आली.

याची मुळं जपानमध्ये आहेत. सुझुकीने २०१२मध्ये तिथल्या वॅगन आरमध्ये तोशिबाचे लिथियम टायटनेट सेल वापरायला सुरुवात केली. मला या सेलची निवड म्हणजे काटकसरीतल्या हुशारीचा नमुना वाटते. असा एक सेल साधारण २.४ व्होल्टचा असतो. पाच सेल ओळीने जोडले की बारा व्होल्ट, म्हणजे शिशाच्या बॅटरीशी जुळणारा दाब. दोन्ही बॅटऱ्या साध्या स्विचांनी एकमेकींना जोडता येतात, मध्ये व्होल्टेज बदलणारा महागडा कन्व्हर्टर लागत नाही. हे सेल वजनाच्या मानाने वीज कमी साठवतात, म्हणून इलेक्ट्रिक गाडीला ते परवडत नाहीत. पण ते झटकन भरतात आणि हजारो वेळा भरून-रिकामे होऊनही टिकतात. इथे नेमकं तेवढंच हवं असतं. आता अशा बॅटऱ्या गुजरातेत हंसलपूरला तोशिबा, डेन्सो आणि सुझुकी यांच्या संयुक्त कारखान्यात बनतात.

बारा की अठ्ठेचाळीस

बारा व्होल्टची मर्यादाही उघड आहे. दोन किलोवॅटचं यंत्र दहा सेकंदांच्या ब्रेकमध्ये वीस किलोज्यूल पकडतं. सुरुवातीला सांगितलेली तीस वॅट-तास ऊर्जा म्हणजे सुमारे १०६ किलोज्यूल. पाचवा हिस्सासुद्धा हाती लागत नाही. जास्त पकडायचं तर जास्त प्रवाह हवा, आणि बारा व्होल्टवर प्रवाह वाढवला की तारा तापतात. दाब चौपट केला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह चौथा हिस्सा लागतो, आणि त्याच जाडीच्या तारेतला तोटा सोळाव्या हिश्शावर येतो.

मग अठ्ठेचाळीसच का, शंभर का नाही? साठ व्होल्टच्या वर गेलं की स्पर्शाचा धोका धरून नियम कडक होतात. नारिंगी केबल, विजेपासून वेगळं ठेवलेलं कवच, मेकॅनिकला खास प्रशिक्षण. अठ्ठेचाळीस त्या रेषेच्या आत सुरक्षित राहतं. टोयोटाने २००१मध्ये क्राउन गाडीत ४२ व्होल्टची पद्धत आणली होती, पण ती पसरली नाही. २०११मध्ये आउडी, बीएमडब्ल्यू, डायमलर, पोर्शे आणि फोक्सवॅगन यांनी ४८ व्होल्टवर एकमत केलं, तेव्हा सुटे भाग बनवणाऱ्यांना एक ठरलेला पत्ता मिळाला. इथे मोटर दहा-बारा किलोवॅटपर्यंत जाते आणि ब्रेकमधली बरीच मोठी ऊर्जा पकडते.

आपल्याकडे २०१९मध्ये एमजी हेक्टरच्या पेट्रोल मॉडेलमध्ये ४८ व्होल्टची पद्धत आली. २०२५मध्ये टोयोटाने डिझेल फॉर्च्युनरमध्ये ती दिली. दोन्ही मोठ्या, महाग गाड्या आहेत, हे लक्षात घ्या. कारण ४८ व्होल्टला वेगळी बॅटरी, इन्व्हर्टर, आणि दिवे-हॉर्न-रेडिओसाठी पुन्हा बारा व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर लागतो. पाच सेलच्या युक्तीने जो खर्च वाचवला होता, तो सगळा परत येतो. आठ-दहा लाखांच्या गाडीत तो वीस हजारांची भिंत फोडतो. तिथे सध्या बारा व्होल्ट शहाणपणाचे, असं माझं मत आहे. ४८ व्होल्टच्या भागांच्या किमती खाली आल्या, की हे मत मी आनंदाने बदलेन.

घाट, एक्स्प्रेस-वे आणि एसी

रस्ता बदलला की सगळा हिशेब बदलतो. द्रुतगती मार्गावर ताशी शंभरने सरळ जाताना माइल्ड हायब्रीडला करण्यासारखं काही उरत नाही. ब्रेक नाही, थांबा नाही.

घाट उतरताना तरी चांदी असेल, असं वाटतं. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी पाचशे मीटरच्या आसपास खाली येते. तेराशे किलोच्या गाडीच्या त्या उताराची किंमत सुमारे पावणेदोन युनिट वीज. पण लहान बॅटरी पहिल्या काही वळणांतच तुडुंब भरते. पुढे सगळं पुन्हा ब्रेकमध्ये आणि इंजिनाच्या घर्षणात जातं.

खरी परीक्षा मे महिन्यातल्या दुपारी हिंजवडीच्या सिग्नलला असते. इंजिन बंद होतं, आणि त्याच्याच पट्ट्यावर चालणारा एसीचा कंप्रेसरही बंद होतो. मिनिटभरात गाडी तापायला लागते. ईसीयूला आम्ही शिकवलेलं असतं, की आतला गारवा अमुक अंशाने कमी झाला की इंजिन सुरू कर. ते सुरू होतं, आणि पेट्रोल वाचवायचं राहून जातं. हा अंश किती ठेवायचा यावर आमच्याकडे जेवढे वाद होतात, तेवढे मोटरवरही होत नाहीत. माणूस घामाघूम झाला की पहिल्या आठवड्यात तो डॅशबोर्डवरचं बटण दाबून ही सोय बंद करतो, आणि मग आमची सगळी मेहनत शून्य. सुझुकीने जपानमध्ये यावर एक साधा उतारा काढला होता. एसीच्या आतल्या भागात थंडावा धरून ठेवणारा पदार्थ भरायचा, म्हणजे इंजिन बंद असतानाही पंख्याची हवा थोडा वेळ गार येते. विजेवर चालणारा कंप्रेसर हा पक्का इलाज, पण त्याला ४८ व्होल्ट लागतात, आणि आपण पुन्हा काकांच्या टेबलासमोर येतो.

धोरणाचे हेलकावे

पुण्यात हायब्रीड स्वस्त करण्याचा एक वेगळा प्रयत्नही झाला. केपीआयटी कमिन्सने २०१०मध्ये ‘रेव्होलो’ नावाचा संच दाखवला. जुन्या गाडीतच मोटर आणि बॅटरी बसवून ती हायब्रीड करायची, अशी कल्पना. भारत फोर्जसोबत त्यासाठी कंपनीही स्थापन झाली. पण त्या काळात लिथियम बॅटरी किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होती. २०२४मध्ये जगातली सरासरी ११५ डॉलरवर आली. शिवाय रस्त्यावरच्या गाडीत असा संच बसवण्याचे नियम केंद्राने आणले ते २०१६मध्ये. तोवर बाजार पुढे सरकला होता. कल्पना वाईट नव्हती, तिच्या भोवतीच्या किमती आणि नियम तयार नव्हते.

माइल्ड हायब्रीडच्या वाट्याला धोरणाचे असेच हेलकावे आले. २०१५मध्ये फेम योजनेतून सियाझ आणि अर्टिगाच्या अशा मॉडेलना तेरा हजार रुपयांपर्यंत सवलत मिळत होती. २०१७च्या एप्रिलपासून माइल्ड हायब्रीडला योजनेतून वगळलं. जुलैमध्ये जीएसटी आला आणि चार मीटरपेक्षा लांब हायब्रीड गाड्यांवर २८ टक्के कर व १५ टक्के उपकर, मिळून ४३ टक्के पडले. सवलत देताना सरकारची बाजू पूर्ण बरोबर होती असं मी म्हणणार नाही. नुसत्या विजेवर अजिबात न चालणाऱ्या गाडीला इलेक्ट्रिकच्या पंक्तीत बसवणं जरा जास्तच होतं. पण सुट्या भागांची एक ओळ बसवायला तीन-चार वर्षं लागतात. दोन वर्षांत वारं फिरलं, तर भाग देशात बनवायचे की आयात करायचे, हे कोण आणि कशावर ठरवणार?

२२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्यांवर ४०. हायब्रीडलाही तीच रेघ लागू आहे. यात मला एक चांगली खूण दिसते. मारुतीच्या फ्रॉन्क्समध्ये एक लिटरच्या टर्बो इंजिनासोबत माइल्ड हायब्रीड आहे आणि ती गाडी या रेघेच्या आत बसते. लहान इंजिनाला सुरुवातीच्या सेकंदांत जोर कमी पडतो, आणि नेमक्या त्याच सेकंदांत आयएसजी हातभार लावतं. लहान इंजिन, पट्ट्यावरचं यंत्र, पाच सेलची बॅटरी, हे त्रिकुट भारतातल्या मध्यमवर्गाच्या गाडीला सगळ्यात जवळचं आहे.

आता मामेभावाला मी काय सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. तुझी गाडी वर्षात सात-आठ हजार किलोमीटर चालते, त्यातली बरीच कोल्हापूर-सांगली मोकळ्या रस्त्यावर, तर या यंत्रणेसाठी वेगळे पैसे मोजू नकोस. रोज दोन तास पुणे-मुंबईच्या गर्दीत जात असशील, किंवा गाडी टॅक्सीला लावणार असशील, तर वीस हजारांची वसुली पाच वर्षांआधीच होईल. सीएनजीचा पंप घराजवळ असेल आणि डिकीची जागा गेलेली चालत असेल, तर पैशांच्या हिशेबात सीएनजी अजूनही पुढे आहे. आणि ट्रायल घ्यायला जाशील तेव्हा दुपारी जा, एसी चालू ठेव, वाटेत तीन-चार सिग्नलला इंजिन किती सेकंद बंद राहतं ते मोबाईलवर मोज. सेल्समनने सांगितलेल्या मायलेजपेक्षा तो आकडा तुझ्या जास्त कामाचा आहे.